पांढऱ्या मातीची भट्टी

आत्याबाई,

दहाव्याला तुमच्या पिंडाला कावळ्यानं अजिबात वाट पाहायला लावली नाही.

मी त्याच्यावरच भिस्त ठेवून बसले होते. पुरुषमंडळी नदीवर गेली तेव्हा मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते आणि मनात धरून होते की कावळा लवकर काही फिरकणार नाही. मग सगळे एकमेकांकडे बघतील, म्हातारीची इच्छा काय राहिली म्हणून विचारतील. तेव्हा यजमानांनी हळूच म्हणायचं, "परसातली भट्टी पाडू नये, असं मायच्या मनात असंन." मग तुमचे मोठे चिरंजीव, माझे भासरे, हात जोडून कबूल करतील, आणि कावळा शिवेल. सगळं ठरलं होतं. यजमानांना मी आदल्या दिवशी नीट पढवलं होतं.

पण मंडळी ऊन चढायच्या आत परत आली, आणि तीही समाधानी चेहऱ्यांनी.

"पत्रावळ ठेवाले हात खाली नेला अन कावळा हजर," यजमान म्हणाले. "दादा म्हने, मायचं कायीच राहिलं नव्हतं."

मला सुतकात हसू आलं. खरंच होतं ते. जे बोलायचं ते तुम्ही जिवंतपणी बोलून टाकलं होतं, भाजीबाजारात, विहिरीवर, देवळाच्या पायरीवर. कावळ्यासाठी काही शिल्लक ठेवायचा तुमचा स्वभाव नव्हता. पण माझी मात्र पंचाईत झाली. माझ्या वतीनं बोलणारं आता कुणीच उरलं नाही.

तुम्हाला ठाऊक नाही म्हणून सांगते. तुम्हाला पोचवून आल्यावर दोन-तीन दिवसांत भासरे ओसरीवर बसून म्हणाले, "तेरवी झाली का हे भट्टी पाडून टाकू. संत्र्याच्या डालांवर टिन टाकाले जागा पायजे." जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांपुढे पदर ओढायचा, वाट सोडायची आणि तोंड उघडायचं नाही, ही आपल्याकडची रीत. ह्या घरात आल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते, ते माझ्याशी नव्हते. खरं सांगू का, माझ्यासारखीला ही रीत फार सोयीची होती. मोठ्या भावापुढे यजमानांचाही आवाज माझ्याएवढाच. घरात भट्टीच्या बाजूनं बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते तर गेलं.

*

लग्न होऊन मी अकोल्याहून आले तेव्हा आपल्या राजापेठेतल्या बायका मला बघायला जमल्या होत्या. वडील आपल्यातलेच, पण कचेरीत नोकरी करणारे. मुलगी नागपूरला मडमांच्या शाळेत राहून शिकलेली. आणि दिली कुठे, तर भाजी-फुलांच्या मळ्यात. त्यांना नवल वाटलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्या गेल्यावर तुम्ही मेथीच्या जुड्या बांधता बांधता विचारलंत, "तुह्या विंग्रजी शाळंत तुले सगळ्यात काय आवडे वं?"

आता ही कविता म्हणून दाखवणार, असं तुम्हाला वाटलं असेल.

"भट्टी," मी म्हटलं.

"कायची?"

"पावाची. स्वयंपाकघराच्या मागं होती."

मधल्या सुट्टीत मुली खेळायच्या आणि मी त्या भट्टीपाशी उभी राहायची. भट्टी बघत उभ्या राहिलेल्या मुलीला कुणी काही विचारत नाही. मी तुम्हाला तिचा घुमट सांगितला, तोंड सांगितलं. आत आधी जाळ करायचा, घुमट तापला की निखारे ओढून बाहेर काढायचे, झाडून घ्यायचं, आणि मग पाव आत सोडायचे.

जुडी बांधता बांधता तुमचा हात थांबला. "आग काढून टाकतेत? अन मंग भाजते?"

"भिंतींनी धरलेल्या उष्णतेवर."

"म्हंजे वरून थंडी, अन आतून तापेल असते." तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलंत. "तुह्यासारखी घुमी हाय मंग ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही परसात उभं राहून जागा नक्की केलीत. मला कुणी विचारलं नाही, आणि मला ते आवडलं.

भासऱ्यांना पसंत नव्हतं. "पाव आपल्या घरात? लोक म्हनतीन माळी बाटले."

"गहू आपला, हात आपले, परसू आपलं," तुम्ही माझ्याकडे बोट दाखवत म्हणालात. "बाटाले त्याच्यात हाय कोन? मी अन हे!"

विकत काही आणायचं नाही, असा तुमचा हट्ट. विहिरीच्या ढासळलेल्या कठड्याचे दगड चौथऱ्याला घेतले. बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या चुलाणाच्या विटा काढून आणल्या, काजळीनं काळ्या झालेल्या. "ह्याइले आगीची सवय हाय, नव्या कामाले बुजनार नाई," तुम्ही म्हणालात. विटांच्या खाली ऊब धरून राहावी म्हणून औषधाच्या, सोड्याच्या फुटक्या बाटल्या कुटून जाड्या मिठात कालवून पसरल्या. एवढं मी शाळेतल्या बाईंकडून ऐकलं होतं. मीठ पुरलं की नजर लागत नाही, ही भर तुमची.

पण घुमट कसा उभा करतात ते मला ठाऊक नव्हतं. मी पाहिली ती तयार भट्टी. मी तसं सांगितल्यावर तुम्ही गोठ्याकडे गेलात आणि तुरीच्या काड्यांनी विणलेलं, संत्री भरायचं मोठं डालं डोक्यावर पालथं घालूनच आलात. चौथऱ्यावर तसंच पालथं ठेवलंत.

"हे घे तुहा घुमट. वरून माती लावू, आतून आग लावू. डालं जळून जाईन, माती राहीन."

मडमांनाही हे सुचलं नसतं.

*

आता मातीचं. ह्यावर आपलं शेवटपर्यंत जमलं नाही, तेव्हा मी माझी बाजू पुन्हा एकदा मांडते. तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, ह्याचा फायदा घेते.

तुम्ही आपल्या वावरातली काळी माती आणलीत. "ह्या मातीत कपाशी होते, संत्रं होते, कांद्याची बी रोपं होतेत. भट्टी काहून नाई होनार?" आख्ख्या वऱ्हाडाला ह्या मातीचा अभिमान, तुम्हाला तर तो तिच्या मालकिणीचा. लुगडं खोचून तुम्ही ती शेणात आणि गव्हाच्या कुटारात पायांनी मळत होतात, मधूनच म्हशीला शिव्या देत होतात. तेव्हा मी म्हटलं, "ही फाटेल, आत्याबाई."

मी म्हटलं. उन्हाळ्यात ह्याच मातीला लहान मुलाचा पाय जाईल एवढ्या भेगा पडलेल्या मी पाहिल्या होत्या.

घुमट देखणा झाला. ओला होता तेव्हा म्हशीच्या पाठीसारखा चमकत होता. शेजारच्या बायका बघून गेल्या. मग तो वाळायला लागला. आधी केसाएवढी रेघ, मग बोट जाईल एवढी, आणि एके दुपारी आपण जेवायला बसलो असताना परसातून धप्पकन आवाज आला. आपण उष्ट्या हातांनी बाहेर गेलो. अर्धा घुमट खाली आला होता आणि मधून डालं दात काढून हसत होतं.

तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत राहिलात. मग माझ्याकडे वळलात.

"तू सांगतलं काहून नाई?"

"सांगितलं होतं."

"कोनाले?"

"तुम्हाला."

"मले ऐकू नाई आलं."

"पण मी सांगितलं होतं."

"जे ऐकू गेलं नाई, ते सांगतलंच नाई!"

ह्यानंतर पाव करपला, दूध उतू गेलं, भिजलेलं धुणं दोरीवर राहिलं, काही झालं तरी आपला हाच वाद नव्यानं सुरू व्हायचा. माझं म्हणणं, सांगणं हे सांगणाऱ्याचं काम आणि ऐकणं हे ऐकणाऱ्याचं. तुम्ही बाजारात बसणाऱ्या. तुमचं उत्तर तयार असे, "बोलनाऱ्याची माती इकते, मुक्याचं सोनं बी इकत नाई."

"मला काही विकायचं नाही."

"इकाचं नसलं तरी राखाचं तं असते नं, बाई!"

त्या वेळी मी ह्याचा नीट विचार केला नव्हता.

घुमट पडला त्या संध्याकाळी तुम्ही कुणाशी बोलला नाहीत. घरातले सगळे हळू चालत होते. सकाळी उठून म्हणालात, "वलगावले जातो. बंडी जुपा." वलगाव तुमचं माहेर. तिथल्या पडक्या गढीची पांढरी माती गावातले लोक घरं लिंपायला नेतात. त्या गावाच्या भिंती त्याच मातीच्या आणि वर्षानुवर्षं उभ्या. "काळी पेराची, पांढरी राहाची," तुम्ही बंडीत चढता चढता म्हणालात. "मायनं लहानपनीच सांगतलं होतं. मीच इसरली." मातीपुढे तुम्ही हार मानलीत, माझ्यापुढे नाही.

बंडी भासऱ्यांनीच हाकली. कुरकुरत हाकली, पण मायला दुसऱ्याच्या हाती सोपवायला ते तयार नव्हते. परत आलात तेव्हा तुम्ही मातीच्या ढिगावर देवीसारख्या बसला होतात, पापण्यांपर्यंत पांढऱ्या. आणि पुढे भासरे, मिशांसकट पांढरे, रागावलेले. पदराच्या फटीतून मला ते दिसले आणि मला इतकं हसू आलं की मी दाराआड गेले. भासऱ्यांनी तोंड फिरवलं. मला वाटतं, तेही हसत होते.

पडलेल्या काळ्या मातीची ढेकळं तुम्ही संत्र्याच्या आळ्यांत टाकलीत. त्या वर्षी त्या झाडांना बहार चांगला आला, त्याचं श्रेय तुम्ही भट्टीला दिलंत.

पांढऱ्या मातीचा घुमट फाटला नाही. पूर्ण वाळल्यावर आपण पऱ्हाट्यांचा जाळ केला. कपाशीच्या काड्यांचा तो जाळ कसा चढतो हे काही तुम्हाला सांगायला नको. आत डालं तडतडत जळत होतं आणि तुम्ही माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. आग निवल्यावर आत डोकावलो तर घुमटाच्या पोटात डालाची वीण जशीच्या तशी उमटलेली. काडी न काडी. ती अजून आहे. सकाळचं ऊन तोंडातून आत शिरतं तेव्हा दिसते.

*

पहिला पाव दगड झाला. शाळेत ताडी घालून पीठ फुगवायचे. ताडी माझ्या परसात येणार नाही, असं तुम्ही बजावलंत आणि जिलबीवाल्याकडून आंबलेलं खमीर मागून आणलंत. त्याचं प्रमाण आपल्याला कळायला वेळ लागला. तो पहिला पाव तुम्ही म्हशीपुढे टाकलात. "पाह्य, म्हैस बी इचार करून राहिली," म्हणालात.

पुढे पाव जमले. पण तुम्ही मनातून गवरीत भाजलेल्या रोडग्याच्याच राहिलात. "रोडग्याले असं घरदार लागत नाई," असं दर वेळी म्हणायचं आणि पाव दुधात बुडवून खायचा.

मग एकदा उरलेली कणीक तुम्ही हातावर भाकरीसारखी थापलीत. वर भेदरं चिरून पसरलीत, शाळेत आम्ही ज्यांना टोमॅटो म्हणायचो ती. लसूण, हिरवी मिरची, तीळ, वरून शेंगदाण्याचं तेल, आणि ते प्रकरण सरळ तापलेल्या विटांवर सरकवलंत. कडा फुगल्या, भेदरं करपून गोड झाली. आपण दोघींनी ते भट्टीच्या तोंडाशी उभ्या उभ्या खाल्लं, जिभा भाजेपर्यंत.

"याले काय म्हनाचं?" तुम्ही विचारलंत.

"ह्याला नाव नाही."

"मंग ठेव. तू शिकेल हायस."

मी म्हटलं, विचार करून सांगते. त्यानंतर दर खेपेला तुम्ही विचारायच्या आणि दर खेपेला मी तेच सांगायची. आत्याबाई, खरं म्हणजे मी विचार करतच नव्हते. तुम्ही पुन्हा विचाराल ह्याची मला इतकी खात्री होती.

भासऱ्यांनी मात्र भट्टीतलं काही तोंडात घातलं नाही. जाऊबाई ताटली नेत आणि तशीच परत आणत.

भट्टीसमोर आपण शेजारी शेजारी बसायचो. दोघींची तोंडं जाळाकडे. समोरासमोर बसलं की माझे शब्द अडतात. तिथे अडायचे नाहीत. माझी आई मी नागपूरला शाळेत असताना गेली, हे तुम्हाला लग्नाआधीच माहीत होतं. पण मला निरोप उशिरा पोचला, मी गाडीनं अकोल्याला उतरले तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि घरी बायका रडत असताना मला रडू आलं नाही म्हणून त्यांनी मला नावं ठेवली, हे मी पहिल्यांदा त्या जाळाला सांगितलं. तुम्ही निखारे सारखे केलेत. बऱ्याच वेळानं म्हणालात, "जाळ काढून घेतला म्हून का भट्टी थंडी असते?" आणि उठून म्हशीला वैरण टाकायला गेलात.

ह्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. आज मानते. ह्या वेळी मी घरी होते, तुमच्या उशाशी होते. तुम्हाला पोचवून आल्यावर मला रडूही आलं, चांगलं मोठ्यानं. जाऊबाई घाबरल्या.

शेवटच्या तापात तुम्ही विचारलं होतंत, "भट्टी तापवली का वं?"

"तापवली."

"मोठ्यानं सांग."

मी मोठ्यानं सांगितलं. तेव्हा तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत, जुडी मनासारखी बांधली गेल्यावर हलवायच्या तशी.

*

तेरवी परवा झाली. काल सकाळी भासरे लोखंडी सब्बल घेऊन परसात आले. यजमान त्यांच्या मागं, टोपली घेऊन. जाऊबाई चहा घेऊन दारात. मी भट्टीपाशी होते. नेहमीप्रमाणे वाट सोडायची म्हणून बाजूला व्हायला पाय उचलला, आणि ठेवला.

पदर कपाळावर होता. तो तसाच राहू दिला.

"भट्टी पाडायची नाही," मी म्हटलं.

भासरे थांबले. माझ्याकडे बघता येत नव्हतं, म्हणून त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. "काय म्हनते ते?"

जाऊबाई निरोप सांगतील म्हणून मी क्षणभर थांबले. पण त्या चहाचा पेला तसाच धरून उभ्या राहिल्या. "मले काय इचारता?" त्या म्हणाल्या. "ते उभी हाय तुमच्यापुढं."

म्हणून मी पुन्हा म्हटलं. ह्या वेळी विहिरीपर्यंत जाईल असं. "भट्टी पाडायची नाही. ही माती तुमच्या आजोळची आहे. तुम्हीच बंडीत घालून आणली."

यजमानांनी हातातली टोपली उगीच ह्या हातातून त्या हातात घेतली.

"मले टिनाले जागा पायजे," भासरे शेवटी म्हणाले. ते सब्बलीशी बोलत होते.

"विहिरीच्या पलीकडे आहे. सकाळी तिथं सावली असते आणि दुपारी वारा. संत्री इथल्यापेक्षा जास्त टिकतील. मी पाहिलं आहे."

ते विहिरीकडे गेले. पलीकडे उभे राहिले, वर ऊन पाहिलं, खाली जमीन पाहिली, पावलांनी जागा मोजली. बराच वेळ लावला. परत आले तेव्हा हातात सब्बल नव्हती. काखेत पऱ्हाट्यांचा भारा होता. तो त्यांनी भट्टीच्या तोंडाशी टाकला आणि जाऊबाईंना म्हणाले, "इतके दिवस मले वाटे, लहानीले जीभच नाई."

"मायले माहीत होतं," जाऊबाई म्हणाल्या. "तुमी तिले इचारलं नाई."

मी भट्टी पेटवली. तुमच्यानंतरचा पहिला जाळ. घुमट तापला आणि आतली काजळी जळून पांढरा झाला तेव्हा निखारे ओढून काढले, कणीक थापली, भेदरं चिरली. मिरची तुमच्या हातानं पडायची तेवढी टाकली, म्हणजे जरा जास्तच. जाऊबाई रोजच्यासारखी ताटली घेऊन विहिरीकडे गेल्या, जिथे भासरे टिनासाठी खांबांचे खड्डे आखत होते. ताटली रिकामी परत आली.

एवढ्यावरून मी आपल्या जुन्या वादात हरले असं समजू नका. काळ्या मातीचंही मी सांगितलं होतं.

थोड्या वेळानं विहिरीच्या पलीकडून आवाज आला. जाऊबाईंना उद्देशून नव्हता, यजमानांना नव्हता. "याले काय म्हनतेत?"

"विचार करून सांगते," मी म्हटलं. विहिरीच्या पलीकडे नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.